कॉलवर कोणी बोलतच नाही, म्हणजे मी बोअर करतोय का?

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात, पण एका टीम लीडने विचारला तेव्हा तो अगदी रडकुंडीला आला होता (ओळख पटेल असं सगळं बदललंय). नवीन प्रमोशन, दर आठवड्याचा क्लायंट कॉल आता ह्यानेच घ्यायचा आणि आदल्या रात्रीपासूनच पोटात गोळा. म्हणाला, "मॅडम, मी विचारतो एनी क्वेश्चन्स, पलीकडे चिडीचूप. मग मीच काहीतरी बोलत सुटतो, नेमकं तेव्हाच कोणीतरी तोंड उघडतं, मग दोघंही सॉरी सॉरी, तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला... त्यांना मी नकोच आहे."

दोन-तीन सेकंदांच्या शांततेवरून माणूस थेट 'मी नकोच आहे' वर पोचला!

खरं तर समोरासमोर बोलताना उत्तर फार पटकन येतं, २००९ मध्ये १० भाषांवर झालेल्या एका अभ्यासात हा गॅप सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघाला होता, आणि कानाला त्याचीच सवय. कॉलवर आधी तुमचा आवाज जायला वेळ, मग त्यांचा यायला वेळ, वर म्यूटचं बटण शोधणं आलंच. २०१४ चं जर्मन संशोधकांचं एक काम मला फार आवडतं, लाइनमध्ये मुद्दाम उशीर घातला तर लोकांनी खोट लाइनमध्ये नाही, समोरच्या माणसात काढली, ह्याचं लक्षच नाही वगैरे. आमचे साहेब तर उलटे, सगळं स्वतःवरच ओढून घेत होते.

मग सेशनमध्येच त्याला माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि त्याच्या प्रश्नांना मी ठरवून उशिरा उत्तर द्यायला लागले. पहिल्याच गॅपमध्ये पेन टकटक, "हॅलो, आवाज येतोय ना?" सुरू! चार-पाचदा झाल्यावर मात्र थांबायला लागला, हळूहळू मनात पाच मोजून.

दुसरा बदल प्रश्नातच केला. एनी क्वेश्चन्स बंद, कारण तो प्रश्न सगळ्यांना म्हणजे कोणालाच नसतो. आधी नाव, मग प्रश्न. नाव शेवटी घेतलं की मेल बघत बसलेला माणूस दचकून "सॉरी, परत सांगता का" म्हणतो आणि उगाच सगळ्यांसमोर ओशाळतो. प्रश्नही नेमका हवा, ही तारीख तुम्हाला चालेल का, असा. बाकी अजेंडा आधी पाठवा, वेळेत संपवा वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

पोटातला गोळा गेला का? पूर्ण नाही, पण कॉल सुरू झाला की विरघळतो म्हणे. क्लायंटकडचे एक सर अजूनही कॉलवर हं-हूं पलीकडे जात नाहीत, नंतर मात्र त्यांचा चार ओळींचा मेल येतो, सगळे मुद्दे त्यातच. त्यामुळे हा आता तो मेल आल्यावरच मीटिंगचे मिनिट्स (काय ठरलं त्याची नोंद) पाठवतो.