निकाल ६७ टक्के, पण कोणाचा?

प्रश्न: माझा मुलगा सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या शाळेत आहे. नववीला ४३ टक्के पडले. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, ‘याला दहावी झेपणार नाही. दाखला काढा आणि बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा.’ ओळखीतून एक छोटी प्रयोगशील शाळा कळली. नववी-दहावी मिळून पट ४१. पण तिथला दहावीचा निकाल गेल्या वर्षी ८२ टक्के होता, यंदा ६७ वर आला. दीर म्हणतात, ती नापासांची शाळा. मुलाला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. काय करू? (एक आई, धायरी)

ताई, शाळेनं दिलेल्या कागदाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. नाहीतर मीही टक्क्यांवरच बोलत बसलो असतो.

गेल्या वर्षी ११ मुलं बसली, ९ पास झाली. यंदा १८ बसली, १२ पास. एवढ्याशा वर्गात एक मूल इकडचं तिकडे झालं की निकाल साडेपाच टक्क्यांनी हलतो. आणखी दोघं पास झाली असती तर हाच आकडा ७८ झाला असता. राहिलेल्या सहापैकी चौघांचे एक किंवा दोनच विषय गेलेत, हे त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात आहे. त्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, शिवाय पुरवणी परीक्षा आहेच. तेव्हा ‘शाळा घसरली’ असं या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आता तुमच्या सध्याच्या शाळेचं. तिचा निकाल तुम्ही लिहिला नाहीत, पण जूनमध्ये गेटवर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागत असेल, तर तो कसा लागतो हे तुमच्याच पत्रात आहे. ४३ टक्केवाल्याला नववीतच बाहेर काढलं की दहावीच्या यादीत तो उरतच नाही. मग तो जातो कुठे? दीर ज्या शाळेला नावं ठेवतात, तिथे. आणि तिथे एखादा विषय राहिला की टक्केवारी कमी होते तिची.

त्या १८ जणांत कोण आहेत बघा. ७ जण दुसरीकडे नववीत नापास होऊन आलेत. ४ जण आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के मोफत जागांतले. ती सवलत आठवीपर्यंतच असते, नववीला फी सुरू झाली आणि घरच्यांना झेपली नाही. तिघांकडे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. सुरुवातीपासून तिथेच शिकलेले फक्त ४. पटावरच्या ४१ पैकी मुली ९, हे मात्र मला खटकलं. मुलगा नापास झाला की आपण त्याच्यासाठी दुसरी शाळा शोधतो, मुलीला पुष्कळदा घरीच बसवतो. त्या शाळेचा यात दोष नाही, पण तुम्ही विचाराच.

अशाच एका वर्गात मी मागे बसलो होतो. एक मुलगा अकराला आला. पहाटेपासून मार्केट यार्डात गाळ्यावर असायचा, शर्टाच्या खिशात कांद्याची सालं. बाई शेकडेवारी शिकवत होत्या. मालविक्रीच्या पट्टीतून हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, हे त्यानं कागद न घेता सांगितलं. पुढच्याच गणितात ‘क्ष मानू’ आलं आणि तो गप्प झाला. बाईंनी फळ्यावरचा क्ष पुसला, तिथे कांद्याची गोणी काढली आणि पुन्हा विचारलं. ही बाईंची मेहनत निकालाच्या कोणत्या रकान्यात भरायची?

म्हणून शाळेत गेलात की टक्के विचारू नका. गेल्या तीन वर्षांत नववीला किती मुलं आली, त्यातली दहावीला किती बसली, मधूनच किती गेली आणि पास झालेली आज कुठे आहेत, हे विचारा. चाळीस मुलांच्या शाळेत शिक्षकांना हे तोंडपाठ हवं. रजिस्टर शोधायला लागले तर मला शंका येईल.

परीक्षा कोणती, हेही बघा. राज्य मंडळाची, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची म्हणजे एनआयओएसची? एनआयओएसमध्ये नोंदणी पाच वर्षं चालते आणि वर्षातून दोनदा परीक्षा होते, ही मोठी सोय. पण तिथे गणित न घेताही दहावी होते, आणि अवघड वाटतं म्हणून मुलं तेच सोडतात. तुमच्या मुलानं हे करू नये. आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी विज्ञान आणि गणितासह दहावी पास लागते. औंधच्या सरकारी आयटीआयचं स्वप्न असेल तर काठावर का होईना, गणितात पास व्हायला हवं. वायरमन आणि वेल्डरला आठवी पास चालते, पण तो दुसरा पर्याय झाला.

दिरांना पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल सांगा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून शिरूर तालुक्यात गेले आणि १९८३ मध्ये शाळा सुटलेल्या मुलांसाठी हाताच्या कामातून शिकवायला सुरुवात केली. दहावीनंतर मुलाला एकदा तो आश्रम दाखवूनही आणा.

शनिवारी जाताना मुलाला बरोबर न्या आणि दोन तास वर्गात बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. दाखल्यासाठी अर्ज पालकाचा लागतो. तो अजून दिला नसेल तर आत्ता देऊ नका. सध्याच्या शाळेला म्हणा, दहावी झेपणार नाही हे लेखी द्या. बहुतेक देणार नाहीत.