'फवेला'ला झोपडपट्टी म्हणावं का?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. ब्राझीलमधल्या रिओ दि जनेरोच्या एका फवेलात, म्हणजे लोकांनी स्वतःच उभारलेल्या दाट वस्तीत, काही वर्षं राहिलेल्या जर्मन मैत्रिणीच्या आठवणी त्या मराठीत आणताहेत. 'फवेला'साठी 'झोपडपट्टी' चालेल का, असं त्यांनी विचारलंय आणि नमुन्याला एक वाक्य दिलंय: 'रविवारी झोपडपट्टीतले लोक नव्या गच्चीच्या कामाला फुकट जमले.'

झोपडपट्टी लिहू नका, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्या शब्दात झोपडी आधीच बसलेली आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर पत्रा, ताडपत्री आणि बांबू येतात. रिओच्या टेकड्यांवर आज दिसतात ती विटांची, दोन-तीन मजली, बिनगिलाव्याची घरं आणि त्यांच्यावरच्या निळ्या टाक्या.

मूळ शब्दात तर घरही नाही आणि गरिबीही नाही. फवेला हे झाड आहे. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात उगवणारं, काटेरी, अंगाला लागलं की आग करणारं. बाहिया प्रांतातल्या कानुदोसजवळच्या एका टेकडीला या झाडावरून नाव पडलं होतं. १८९७ मध्ये कानुदोसची लढाई संपवून परतलेले सैनिक रिओच्या बंदराजवळ एका टेकडीवर पाल ठोकून राहिले. कबूल केलेली घरं त्यांना मिळाली नाहीत. त्या टेकडीला 'मोरो दा फवेला' म्हणू लागले आणि पुढे अशा प्रत्येक वस्तीला तेच नाव लागलं. आपल्याकडे बाभळीवरून बाभूळगाव झालं, तितकंच निर्मळ नाव आहे हे. त्याला काटे नंतर लोकांनी लावले. 'फवेलादू' ही शिवी झाली, आपल्याकडे 'झोपडपट्टीवाला' हा शब्द ज्या सुरात टाकतात, अगदी त्या सुरात.

सरकारी भाषेने कहरच केला. ब्राझीलची जनगणना करणारी संस्था या वस्त्यांना कित्येक वर्षं 'सबनॉर्मल पुंजके' म्हणत होती, म्हणजे सामान्याहून खालच्या दर्जाचे. आपल्या सरकारी कागदांतली 'गलिच्छ वस्ती' याच जातकुळीतली. २०२४ मध्ये त्या संस्थेने तो शब्द टाकला आणि 'फवेला आणि नागरी समुदाय' असं अधिकृत नाव घेतलं. २०२२ च्या गणनेप्रमाणे तिथे १ कोटी ६४ लाख माणसं राहतात, देशाच्या सुमारे ८ टक्के. एवढ्या माणसांनी आपलं म्हणून परत मिळवलेलं नाव आपण अनुवादात पुन्हा काढून घेऊ नये. नाम म्हणून 'फवेला'च ठेवा, 'वे'वर जोर देऊन. माणसं आपसात बोलताना बरेचदा 'कोमुनिदाजी' म्हणतात, तिथे आपली 'वस्ती' चपखल बसते. वस्ती या शब्दात वसणं आहे, हिणवणं नाही.

आता तुमची 'गच्ची'. मी २०१३ मध्ये विदिगाल या रिओच्या फवेलात काही महिने एका आजीबाईंकडे खोली घेऊन राहिलो. (रिओत त्याचा उच्चार 'विजिगाव'च्या जवळ जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्याकडचंच एखादं गाव वाटलं होतं.) त्यांच्या घराच्या माथ्यावर खांबांतून सळ्या वर काढून ठेवलेल्या होत्या, वाऱ्यापावसाने गंजलेल्या. एका सळीला त्यांनी कपड्यांची दोरी बांधली होती. माझा हात धरून त्या सळ्या दाखवत म्हणाल्या, "हे माझ्या नातवाचं घर." वर नुसतं आकाश होतं आणि खाली समुद्र. याला तिथे 'लाझी' म्हणतात. ते आजचं छत असतं आणि उद्याची जमीन असते. ते विकताही येतं, घेणारा त्यावर आपला मजला चढवतो. २०१७ च्या कायद्याने हा हक्क थेट नागरी संहितेत घातला. 'गच्ची'त हे काहीच येत नाही. आपल्याकडे पत्र्याच्या घरातून निघालेला माणूस ज्या अभिमानाने 'स्लॅबचं घर' म्हणतो, तो शब्द घ्या: स्लॅब. मजा म्हणजे ते लोकही 'स्लॅब भरणं' असंच म्हणतात, शब्दाला शब्द.

'फुकट जमले' हे मात्र फार खटकलं. त्या कामाला 'मुचिरांव' म्हणतात. शेजारीपाजारी एक दिवस अंगमेहनत देतात, मालकीण जेवू घालते, पुढच्या वेळी ती दुसऱ्याकडे जाते. तुपी या तिथल्या आदिवासी भाषेतून आलेला हा शब्द. (आपले काजू आणि अननसही मुळात तुपीच, पोर्तुगीजांबरोबर आलेले.) आणि आपल्याकडे यासाठी शब्द नाही असं कुणी म्हणू नये. इर्जिक आहे! नांगरटीला गाव बैल घेऊन जमायचं आणि शेतकरी सगळ्यांना जेवण घालायचा, तेच हे. जाता जाता, चोरून वीज घेण्याला ते 'गातू', म्हणजे मांजर, म्हणतात. तिथे शब्दशः जाऊ नका, 'आकडा टाकणे' लिहा.

तुमच्या पुस्तकात बदलती वस्ती आहे, तेव्हा 'रेमोसांव ब्रांका' येणारच, शब्दशः 'पांढरी हकालपट्टी'. मी होतो तेव्हा फुटबॉलचा विश्वचषक आणि ऑलिंपिक तोंडावर होतं, विदिगालमध्ये परदेशी माणसं घरं घेत होती, भाडी चढत होती. बुलडोझर न आणता माणूस भाड्यापायी उठतो, ती ही हकालपट्टी. मराठीत पांढऱ्याचा अर्थ लागणार नाही. 'मूक हकालपट्टी' करा. माझ्यासारख्यांनी दिलेल्या भाड्याचाही त्यात वाटा होता, हे मला तिथेच कळलं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'रविवारी अख्खी वस्ती स्लॅब भरायला जमली. इर्जिकच होतं ते.'