हात तयार झाले, बोलणे राहून गेले

‘ताई, मी कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे इंग्लंडला यायचे आहे. इथल्या पोस्टिंगमधला, म्हणजे शिकताना वॉर्डात केलेल्या कामाचा, अनुभव तिकडे पुरतो का?’ असे तू विचारले आहेस. व्हिसा आणि इंग्रजीच्या गुणांची माहिती अधिकृतरीत्या मिळेलच, म्हणून मी वॉर्डाबद्दलच लिहिते.

कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इतके रुग्ण असतात की, आपल्या मुलींचे हात लवकर तयार होतात. इंग्लंडमधल्या विद्यार्थिनीला पदवीपूर्वी २,३०० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे लागते. पण त्या काळात तिला कर्मचाऱ्यांच्या संख्येत धरत नाहीत आणि तिच्या कामावर जाणत्या व्यक्तीची देखरेख असते. हे प्रथम पाहिले तेव्हा मला तिचा हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिकडे शिकताना, माझ्या दुसऱ्या वर्षी, एका रुग्णालयात माणसे कमी असल्यामुळे, मी एकटीने एका आजींना सलाईन लावायला गेले. तीन वेळा सुई टोचली तरी शीर सापडली नाही, आणि आजी ‘असू दे बाळा’ म्हणत हात पुढे करत राहिल्या. शेवटी एक सिस्टर आल्या आणि माझे बोट आजींच्या हातावर ठेवून म्हणाल्या, ‘डोळ्यांनी नको, बोटाने शोध.’ माझे खरे शिक्षण तेवढ्या अर्ध्या मिनिटात झाले. केसबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, मात्र सगळे ‘देखरेखीखाली केले’ अशीच सही आहे.

प्रत्येक पोस्टिंगची सही त्याच आठवड्यात घे आणि तिची प्रत घरी ठेव. मला प्रत्यक्ष कामाच्या तासांचा दाखला हवा होता तेव्हा एका विभागाचा हजेरीपटच सापडेना, आणि मी इकडे असताना आईला भर उन्हात सहा वेळा कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्याचा राग अजून मनात आहे.

एकटेपणा येतो, पण ड्युटी सुरू झाली की त्याला सवड मिळत नाही. मला जास्त जड गेली ती ऑस्की, म्हणजे इथली प्रात्यक्षिक परीक्षा. माझा हात सराईत होता. पण आधी रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख विचारायची, ॲलर्जी आहे का ते पाहायचे, काय करणार ते सांगून संमती घ्यायची, हे सारे बोलून करण्याची सवय मला नव्हती. ती तू आजपासून लाव, वॉर्डात कोणी हसले तरी लाव. त्या आजींना मी नावही विचारले नव्हते.