35 टक्के स्वस्त बोट, पण कागद हरवलेत, ठेव मोडून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नऊ वर्षं जुनी मोटरबोट बघितलीय, मालक बाजारभावापेक्षा 35 टक्के कमी सांगतोय, पण रजिस्ट्रेशन अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, खरेदीची पावती घर बदलताना हरवली म्हणतो, आणि शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणून तुम्ही ठेव मोडून सगळे पैसे एकदम द्यायला निघालाय. हे शनिवारचं गिऱ्हाईक मला दर दुसऱ्या व्यवहारात भेटतं, त्याने कधी काही विकत घेतल्याचं मात्र ऐकलं नाही.

आता हिशोब बघा. 100 ची बोट 65 ला मिळतेय, म्हणजे 35 वाचले असं तुम्ही धरलंय. पण उद्या तुम्ही विकायला काढलीत तर कागदाशिवाय 100 कोण देणार? पुढचा माणूसही तुमच्यासारखीच घासाघीस करणार, म्हणजे ते 35 तुमच्या खिशात कधी येतच नाहीत. आणि बोट चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाऊ शकते, मग 65 वसूल करायला विकणाऱ्याला शोधत बसा. क्लेमच्या वेळी विमा कंपनीनेही मालकी कशावरून असं विचारलं तर दाखवणार काय?

रजिस्ट्रेशन आहे ना, असं बरेच जण म्हणतात. पण रजिस्ट्रेशन म्हणजे मालकीचा पुरावा असं प्रत्येक ठिकाणी नसतं. ब्रिटनमध्ये लहान बोटींचं जे साधं रजिस्टर आहे ते मालकी सिद्ध करत नाही, त्यासाठी जहाज नोंदणीचा वेगळा भाग, पार्ट 1, आहे, आणि तिथे बोटीचे 64 हिस्से धरतात, त्यामुळे एकाच बोटीला अनेक मालक असू शकतात! म्हणून साखळी लागते, बनवणाऱ्याकडून पहिल्या मालकाकडे, तिथून पुढच्याकडे, प्रत्येक टप्प्याचं सहीचं विक्रीपत्र. तुमच्या केसमध्ये एक धागा हातात आहे, कार्डावर ज्याचं नाव आहे त्यालाच गाठा आणि तू ही बोट कोणाला विकलीस ते लिहून दे म्हणा.

सगळ्यात वाईट प्रकार बोज्याचा. बँकेचं कर्ज निदान कुठेतरी नोंदलेलं तरी असतं, पण खलाशांचा थकलेला पगार, टकरीची भरपाई, काही देशांत दुरुस्तीचं बिलही, असले बोजे बोटीलाच चिकटतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत आणि बऱ्याचदा कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाहीत. म्हणून बोट जिथे उभी असते तिथे आणि जिथे शेवटचं काम झालं तिथे जाऊन बाकी नाही असं लेखी घ्या.

बोटीच्या मागच्या बाजूला, सहसा उजवीकडे वर, हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. अमेरिकेत 1972 पासून तो 12 अक्षरांचा आहे, इतरत्र देशाचा कोड जोडून थोडा लांब. त्याचे शेवटचे दोन आकडे सहसा मॉडेलचं वर्ष सांगतात, ते "नऊ वर्षं जुनी" शी जुळतंय का बघा, आणि नंबर घासलेला किंवा पुन्हा कोरलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. इंजिनचा नंबर वेगळा, ट्रेलरचे कागद वेगळे, तेही बघा.

माझं मत विचाराल तर विकणाऱ्याला सांगा, तू तुझ्या खर्चाने डुप्लिकेट कागद काढ, बोट आधी तुझ्या नावावर कर, मी 65 ऐवजी 80 देतो. माणूस खरा असेल तर त्याला हे परवडतं. तोपर्यंत फार तर लहानसं टोकन, तेही वकिलाच्या खात्यात, कागद आले नाहीत तर परत मिळेल असं लिहून. बाकीचे पैसे फक्त बँकेतून आणि कागदावर नाव असलेल्याच्याच खात्यात, त्याच्या मेहुण्याच्या नाही. करारात जुना बोजा निघाला तर तो विकणारा फेडेल ही ओळ हवीच.

शनिवारी बोट गेली तर जाऊ द्या. ठेव आहे तिथेच राहू द्या, व्याज तरी चालू राहील.