डोळा खुपतोय: तंबाखूची धूळ की उसाचा पाला?

तुम्ही लिहिलंय की सकाळी उसाचा पाला काढला, दुपारी निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळली, आणि आता डावा डोळा लाल होऊन खुपतोय. दुकानातून ड्रॉप आणून घालू का, हा प्रश्न.

तंबाखूची धूळ बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना झोंबते, सोबत शिंका आणि गळकं नाक. वखारीबाहेर आलं की हळूहळू उतरतं. तिखटाचा हात लागला तर जाळ होतो, पण धूत राहिलं की तोही ओसरतो. तुमचा एकच डोळा धरलाय, म्हणून मला संशय पाल्याचा.

आधी हात साबणाने धुवा, नाहीतर बोटांवरची तंबाखू डोळ्यात जाऊन गोंधळ वाढायचा. उजेडात खालची पापणी ओढून बघा. तिथं काही नाही, पण दर उघडझापीला एकाच जागी टोचतं, तर कुसळ वरच्या पापणीखाली आहे. वरच्या पापणीचे केस धरून ती खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा. खालचे केस कण झाडून काढतात. मग स्वच्छ पाण्याने 15 मिनिटं धुवा. बुबुळावर रुतलेल्या कणाला हात लावू नका. रुमालाचं टोक नको, जीभ तर नकोच. आपल्याकडे अजून जिभेने कण काढणारे आहेत.

कण निघूनही खुपत असेल तर ओरखडा उठलाय. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो. पाल्याच्या ओरखड्यात मात्र बुरशी शिरू शकते, आणि ती काही दिवसांनी डोकं वर काढते. ठणका वाढला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. तिथं रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात. ओरखडा हिरवा चमकतो.

दुकानातला ड्रॉप मनाने नको. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली जाते, बरं वाटतं, आणि आत बुरशी माजते. फूल पडलं की नजर गेली समजा. बधिर करणारा ड्रॉपही घरी नको. दुखणं लपतं, जखम भरत नाही.

डबीतला चुना उडाला असेल तर कारण शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून लगेच अर्धा तास तरी पाणी मारा, पापणीत अडकलेले चुन्याचे कण धुऊन काढा आणि थेट दवाखान्यात जा.