मैदानावरचे प्रश्न : नऊ जिंकूनही कोच घरी

प्रश्न : मॅडम, स. न. वि. वि. आमची मुलगी अमेरिकेत नेब्रास्का राज्यात, लिंकनला ज्वारीवर संशोधन करते. मंगळवेढ्याची पोरगी ज्वारी शिकायला अमेरिकेला गेली म्हणून गावात अजून चेष्टा होते, ते असो. मागच्या दसऱ्याला आम्ही दोघं तिच्याकडं होतो. शनिवारी बघतो तर सगळं शहर लाल कपड्यात! विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना होता, म्हणजे त्यांचा तो चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. सामना जिंकला, तरी शेजारचे आजोबा संध्याकाळी येऊन कोचचे वाभाडे काढत बसले. मुलगी म्हणाली, इथं बारापैकी नऊ सामने जिंकलेल्या कोचलाही काढलंय. हे खरं का? आणि नव्या कोचकडून लोकांनी पहिल्या वर्षी अपेक्षा तरी किती ठेवायची?
— एक शेतकरी पालक, मंगळवेढा

उत्तर : खरं आहे. एकदा नव्हे, दोनदा काढलंय.

आधी त्या आजोबांची बाजू ऐका. १९६९ ते २००१ असे सलग ३३ हंगाम या संघानं दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले. त्यातली पंचवीस वर्षं, १९७३ ते १९९७, टॉम ऑस्बोर्न हे एकच कोच होते आणि जाता जाता शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं देऊन गेले. तिथलं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला भरलेलं आहे. आजोबांचं वय सत्तरच्या पुढं असेल, तर त्यांची अख्खी उमेदीची वर्षं नऊ विजयांत गेली. त्यांच्या लेखी नऊ म्हणजे यश नव्हे, नऊ म्हणजे रोजची भाकरी.

ऑस्बोर्ननंतर फ्रँक सोलिच आले. २००१ मध्ये त्यांनी संघाला विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेलं. २००३ मध्ये नऊ जिंकले, तीन हरले, आणि घरी गेले. नंतरच्या माणसाचा पहिला हंगाम पाच विजय, सहा पराभव! १९६१ नंतर पहिल्यांदाच पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. पुढं बो पेलिनी. सात हंगाम, दरवर्षी नऊ किंवा दहा विजय. २०१४ मध्ये त्यांनाही ९-३ वर नारळ दिला. त्यांच्या जागी आलेल्यांचं पहिलं वर्ष ६-७. २०१६ नंतर या संघाला एकाही हंगामात नऊ विजय मिळालेले नाहीत. दहाच्या नादात नऊ गेले, ते असे.

आणखी एक लक्षात घ्या. तिथं नेहमीच्या हंगामात बाराच सामने (चांगलं खेळलं तर पुढं एखाद-दुसरा जास्त), ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत, साधारण आठवड्याला एक. आपल्याकडं विद्यापीठाच्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात. सकाळचा पराभव दुपारपर्यंत जुना होतो. तिथं शनिवारी हरलं की पुढच्या शनिवारपर्यंत तोच विषय, सलूनपासून चर्चपर्यंत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही ज्वारीवाले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. रब्बीची ज्वारी पेरल्यावरच्या पावसावर येत नाही, जमिनीत आधी साठलेल्या ओलीवर येते. नव्या कोचचं पहिलं वर्ष तसंच. आधीच्यानं ओल किती ठेवली, यावर ताटाची उंची ठरते. म्हणून पहिल्या वर्षी विजय मोजणं मला पटत नाही. कोचच्या स्वतःच्या हातात जे असतं ते बघावं. पोरं फुकटचा दंड किती ओढवून घेतात? शेवटच्या पंधरा मिनिटांत संघ दमतो की उभा राहतो? बदली खेळाडू आत जाताना बावचळतो का? याला ओल लागत नाही, नांगरट लागते.

पण इथं एक मेख आहे, आणि ती लिंकनकरांना चांगली माहीत आहे. २०१८ मध्ये तिथं स्कॉट फ्रॉस्ट कोच झाले. त्याच राज्यातला मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावरचा सूत्रधार. २०१५ मध्ये बाराच्या बारा सामने हरलेला फ्लोरिडातला एक संघ त्यांनी हाती घेतला आणि दुसऱ्याच वर्षी तेरापैकी तेरा जिंकून आलेले. याहून चांगलं स्थळ कुठलं? पहिल्या वर्षी ओळीनं सहा हरले, नंतरच्या सहापैकी चार जिंकले. लोक म्हणाले, गाडी रुळावर आली. मीही तेच म्हटलं असतं. पुढच्या वर्षी ५-७.

मग २०२१. तीन विजय, नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी! दर आठवड्याला 'थोडक्यात हुकलं'. हा निकाल पहिल्या वर्षीचा असता तर मी पेढे वाटा म्हटलं असतं. चौथ्या वर्षी तो कोचवरचा आरोप आहे. चार वर्षांनंतरही शेवटच्या मिनिटाला पोरांना काय करायचं ते कळत नसेल, तर शिकवलं काय? २०२२ चा पहिला सामना डब्लिनला होता. अकरा गुणांनी पुढं असताना फ्रॉस्टनी चेंडू मुद्दाम आखूड मारून पुन्हा मिळवायचा जुगार खेळला. चेंडू समोरच्यांना मिळाला, सामना तीन गुणांनी गेला. दोन आठवड्यांनी त्यांना काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढेही तीन आठवडे कुणाला धीर धरवला नाही.

म्हणून माझा हिशेब असा : पहिल्या वर्षाचा निकाल पहिल्या वर्षी लावू नका. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात लावा. तेव्हा त्याच चुका दिसल्या तर ओलीचा दोष नव्हे.

शेजारचे आजोबा का वैतागलेत, तेही यातच आहे. आताचे कोच मॅट रूल यांचा लौकिक तिसऱ्या वर्षाचा. टेंपल विद्यापीठात त्यांचे विजय दोन, सहा, दहा असे चढले. बेलरमध्ये एक, सात, अकरा. लिंकनला पाच, मग सात. तिसऱ्या वर्षी दहाच्या घरात उडी येईल म्हणून लोक देव पाण्यात घालून बसले होते, ती आली नाही.

धीर आटण्याचं आणखी एक कारण आहे. २०२१ पासून खेळाडूला विद्यापीठ बदललं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. म्हणजे टँकर आला! २०२३ मध्ये ३-९ असलेल्या इंडियाना विद्यापीठात कर्ट सिग्नेटी आले, आपल्या आधीच्या विद्यापीठाच्या संघातली बरीच पोरं बरोबर घेऊन, आणि पहिल्याच वर्षी ११-२. आता प्रत्येक गावाला तसाच कोच पाहिजे. कोलोरॅडोला डीऑन सँडर्स यांनी पन्नासच्या वर नवी पोरं आणली, पहिले तीन सामने जिंकले आणि वर्षाअखेर ४-८ वर थांबले, हे कुणी आठवत नाही.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. हुरडा पाठवता आला तर अजून उत्तम, पण विमानतळावर अडवतील.

प्रश्न : तिथं कोचला कुलगुरूंपेक्षा जास्त पगार असतो म्हणतात. थाप ना?
— एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : थाप नाही, सर. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीच्या यादीतला सर्वात जास्त पगाराचा माणूस विद्यापीठाचा कोच असतो. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारातले उरलेले साडेसात कोटींहून जास्त डॉलर देणं लागत होते. न शिकवण्याचे! तुमच्या पेन्शनीच्या फायलीचा विषय इथं काढत नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या कॉलेजला यंदा फुटबॉलला नवीन सर आले. जुने सर खूप वर्षं होते. विद्यापीठ स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. ग्रुपवर 'कोच बदला' सुरू झालंय. आम्ही चुकतोय का?
— खेळाडू, द्वितीय वर्ष, सोलापूर

उत्तर : आधी सांग, सरांना तुम्ही मिळालात किती दिवस? आपल्याकडं बहुतेक कोच मानधनावर, तेही स्पर्धेच्या तोंडावर बोलावलेले. सराव सहाला, निम्मी पोरं सातला येतात, मैदानाच्या एका कोपऱ्यात क्रिकेट, दुसऱ्यात पोलीस भरतीवाली पोरं पळतायत. लिंकनच्या लोकांना चिडायचा हक्क आहे, ते कोचला सगळं पुरवून चिडतात. तुम्ही काय पुरवलंत?

मी खो-खोच्या मुली जुन्या सरांकडून घेतल्या तेव्हा पहिलं वर्षभर त्यांची पळतीची साखळी बदलली नाही, फक्त खांबाजवळचं वळण बदललं. तरी सामना हरला की दोघीतिघी जुन्या सरांना फोन लावायच्या, "सर, आज काय केलं माहितीये का बाईंनी?" जुने सर भले माणूस. "बाईंना विचारा" म्हणून फोन ठेवायचे. तुमच्यात असा फोन कोण करतं, ते तुला माहीत असणार. ते आधी बंद करा.

अपेक्षा जरूर ठेवा. सर वेळेवर येतात का, हरल्यावर दुसऱ्या दिवशी मैदानात दिसतात का, अकरा जणांची निवड कशी केली ते तोंडावर सांगतात का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नाही सांगितलं तर क्रीडा विभागाकडं लेखी द्या, सगळ्यांच्या सहीनिशी.

ग्रुपवर मात्र जपून. सरांना त्यात कुणी घेऊन ठेवलंय का, ते आजच बघ.