रेट कार्डला उत्तर द्यायच्या आधी हे वाच

प्रिय डॉक्टर,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला आणि सोबतची त्या पॉडकास्टवाल्याची पीडीएफपण उघडून बघितली, पाहुणा म्हणून बसायचं असेल तर त्याला किती पैसे द्यायचे त्याची. सिल्व्हर पॅकेज पंधरा हजार, चाळीस मिनिटांचा एपिसोड आणि दोन रील. गोल्ड पॅकेज तीस हजार, त्यात पाच रील, थंबनेलवर तुझा फोटो मोठा आणि प्रश्न तूच पाठवायचे. आणि खाली तू विचारतेस, "सर, पहिला ब्रेक म्हणून एकदा द्यावेत का?"

नाही. एक रुपया द्यायचा नाही.

तुला बोलता येतं का, तुझं कोण ऐकणार, असल्या शंकांवर मी वेळ घालवत नाही. दूध तपासायच्या त्या चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये गायीच्या चारही सडांचं दूध वेगवेगळं काढायचं, वरून द्रावण टाकून हलकेच गोल फिरवायचं, आणि तीन कप्पे पाण्यासारखे हलतायत पण चौथ्यातलं दूध शेंबडासारखं घट्ट झालंय हे गायमालकाला दाखवायचं, हे तू करताना मी बघितलंय. म्हातारा म्हणाला होता, "आयला, गाय तर धडधाकट दिसतीय की." त्याला तू सुप्त कासदाह, म्हणजे कासेचा बाहेरून न दिसणारा आजार, दोन मिनिटांत समजावलास, एक इंग्रजी शब्द न वापरता. ज्याला हे जमतं त्याने खुर्चीवर बसायचं भाडं भरायचं? कमाल आहे.

आम्ही आकाशवाणीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायला जायचो तेव्हा आधी घरी करारपत्र यायचं. विषय, तारीख, किती मिनिटं आणि मानधनाचा आकडा. सही करून परत पाठवायचं, भाषण लिहून न्यायचं, आणि "हे वाक्य लांब होतंय, श्वास कुठे घेणार?" असं विचारणारा माणूस समोर बसलेला असायचा. मानधन म्हणजे एसटीचं भाडं सुटून वर चहा-भजी, याच्या पलीकडे काही नाही. पण पैसे ते मला द्यायचे गं. मी त्यांना नाही. तिथली सवय लागली म्हण किंवा खोड म्हण, ती अजून गेली नाही.

हे पैसे घेऊन पाहुणा बसवायचं खूळ काही आपल्या गावचं नाही. अमेरिकेत एकेका एपिसोडसाठी पाहुणे पन्नास हजार डॉलरपर्यंत मोजतात अशी बातमी ब्लूमबर्गने २०२२ मध्येच दिली होती. आपल्याकडे पन्नास हजार डॉलर नाहीत म्हणून पंधरा हजार रुपये, बाकी धंदा तोच. आणि ऐकणाऱ्याला हे सांगतात का? जाहिरात असेल तर जाहिरात म्हणून सांगा असे नियम ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी २०२१ मध्ये काढलेत, केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ च्या जानेवारीत परत बजावलंय. तुझ्या पीडीएफमध्ये याबद्दल एक ओळ दाखव मला. वर आपली व्हेटरनरी कौन्सिलची १९९२ ची आचारसंहिता आहे, गिऱ्हाईक ओढायला स्वतःची जाहिरात करणं त्यात बसत नाही. कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षी शिकवतात आणि आपण सगळे परीक्षेपुरतं पाठ करतो. तीस हजार देऊन, स्वतःच लिहिलेल्या प्रश्नांना स्वतःच उत्तरं देणं याला मुलाखत म्हणत नाहीत.

असला शो ओळखायचा कसा, तर एक जुना एपिसोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐक. रील नाही, पूर्ण. होस्ट एकदा तरी मध्येच थांबवून "थांबा, हे मला पटलं नाही" म्हणतो का? नसेल म्हणत तर संशय घे. मग मागचे सगळे पाहुणे बघ. सगळेच कोच, सगळेच प्लॉट विकणारे आणि प्रत्येकाच्या एपिसोडखाली कोर्सची लिंक, असं दिसलं की समजायचं दुकान आहे. चांगल्या शोवर मधेच एखादा असा माणूस दिसतो ज्याला विकायचं काहीच नाहीये. एखादा निवृत्त शिक्षक, एखादी आशाताई. तो दिसला की तिथे लिही.

आता कुठे लिहायचं ते. तुझ्या यादीत 'अमुक तमुक', 'थिंक बँक', 'मित्रम्हणे' असे सगळे मोठेच मराठी शो आहेत. चांगलं काम करतात, मी स्वतः ऐकतो. पण तिथे रांग मोठी असणार, आणि तुला पहिलीच मुलाखत लाखो लोकांसमोर कशाला हवीय तेही मला कळत नाही. तुझं ऐकायला हवं कोणी? पहाटे पाचला धार काढताना खुंटीला मोबाईल अडकवून काहीतरी लावून ठेवणाऱ्या माणसाने. तो काय ऐकतो हे तुझ्या दूध संकलन केंद्रावर उभं राहून विचार, इंटरनेटवर नंतर जा. दुधाची किटली घेऊन रांगेत उभी असलेली माणसं तुला सांगतील, हा चॅनल बघतो, त्या पोराचं ऐकतो. ती तुझी खरी यादी.

मग तुझ्यासारखी माणसं याआधी कुठे कुठे बोललीत ते शोध. कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ, डेअरीवाले, चाऱ्यावर काम करणारे, त्यांची नावं यूट्यूबवर, स्पॉटिफायवर टाक, लिसन नोट्स म्हणून साइट आहे तिथे माणसाच्या किंवा विषयाच्या नावाने एपिसोड शोधता येतात. ज्या होस्टने एकदा गोठ्यातल्या माणसाला बोलावलंय तो दुसऱ्यांदा बोलावतो. पत्ता हवा असेल तर यूट्यूब चॅनलच्या माहितीत ईमेल बघायचं बटण असतं, लॉगिन करून "मी रोबो नाही" वगैरे टिक करावं लागतं. आणि ऑडिओ पॉडकास्ट असेल तर त्याची फीड, म्हणजे ॲपना एपिसोडची यादी पुरवणारी फाइल, उघड, २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले तेव्हापासून त्या फीडमध्ये मालकाचं नाव आणि ईमेल टाकायची सोय आहे. हल्ली बरेच जण स्पॅमच्या भीतीने झाकतात, पण बघायला काय जातं. पाहुणा आणि होस्ट जुळवून देणाऱ्या पॉडमॅचसारख्या साइटींवर सध्या जाऊ नकोस, तिथला कारभार मुख्यतः इंग्रजी आणि परदेशी, तुझ्या कासदाहाला तिथे कोण विचारतंय.

आणि कम्युनिटी रेडिओला कमी लेखू नकोस. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. त्यांना रोज बोलणारी माणसं लागतात आणि ऐकणाऱ्याच्या घरी गाय-शेळी असतेच असते. तिथे बोललीस की हातात रेकॉर्डिंग येतं, पुढच्या होस्टला ऐकवायला पाच मिनिटांचा तुकडा मिळतो. या सगळ्याला खर्च एसटीचा. तेवढा कर. होस्टला मात्र रुपया नाही.

तुझा मेलचा मसुदा वाचला. "मी एक ध्येयवेडी पशुवैद्यक असून माझा संघर्षमय प्रवास आपल्या प्रेक्षकांना नक्कीच प्रेरणा देईल." अगं बाई. कोणी लिहून दिलं हे तुला? तुझ्या प्रवासाचं त्या होस्टने काय करायचं? त्याला एपिसोड हवाय. असं लिही:

"तुमचा चारा टंचाईवरचा एपिसोड ऐकला. त्यात पाहुणे म्हणाले की दूध घटलं की शेतकरी आधी खुराक बदलतो. मी ज्या गोठ्यांत जाते तिथे बरेचदा कारण खुराक नसतं, सुप्त कासदाह असतो. गाय आजारी दिसत नाही, कास सुजत नाही, दूध मात्र कमी होत जातं. दोन मिनिटांत गोठ्यातच करता येणारी तपासणी मी कॅमेऱ्यासमोर करून दाखवू शकते. सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडल्यावर ते दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही आणि लोक का घालतात, यावरही मोकळेपणाने बोलेन. सोबत पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे."

बस. खाली नाव आणि फोन. फोटो नको, सर्टिफिकेटं नकोत. दहा दिवसांनी एकदा आठवण कर आणि मग गप्प बस, उत्तर नाही आलं तर तो माणूस वाईट नाही, त्याच्याकडे शंभर मेल पडलेत.

आता तू म्हणशील सरांचं काय जातंय, सर निवृत्त झालेत. जातंय की. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावकडे लंपी, गायींच्या अंगावर गाठी आणणारा रोग, सुरू झाला आणि मग जिल्ह्यामागून जिल्हे. आम्ही शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत फिरत होतो, आणि इकडे व्हॉट्सॲपवर "दूध पिऊ नका" सुरू. लोकांनी रतीब बंद केले. लंपी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, एवढंच सांगायचं होतं. एका बऱ्यापैकी चालणाऱ्या चॅनलशी मी बोललो, ते म्हणाले स्लॉट आहे पण चार्जेस आहेत. मी फोन ठेवला. त्या आठवड्यात त्यांच्याकडे जो बसला त्याने तासभर कसलीशी पावडर विकली, आणि ती पावडर आमच्या भागातल्या माणसांनी कर्ज काढून घेतली. गायी मेल्या त्या मेल्याच.

घरच्यांनी तेव्हा मला झापलं, की दिले असतेस पैसे तर तुझं म्हणणं गेलं असतं ना लोकांपर्यंत. बॅचच्या एका मित्राने दिले होते कुठेतरी, तो आज नावाआधी "सुप्रसिद्ध" लावतो, त्याला मंत्र्यांच्या कार्यक्रमाला बोलावतात आणि मला दशक्रियेला. खंत आहे, नाही असं नाही. त्या दिवसांत मी आणखी दहा ठिकाणी फोन करायला हवे होते, पाय आपटून बसायला हवं होतं, हे रात्री मनात येतं. पण पैसे द्यायला हवे होते असं अजून एकदाही आलेलं नाही. कारण मी दिले असते तर मी आणि तो पावडरवाला एकाच रेट कार्डावर दोन ओळींत बसलो असतो, आणि ऐकणाऱ्याने फरक कसा करायचा? दोघांचे कपडे स्वच्छ, दोघांसमोर तोच माइक. मी तेव्हा व्हॉइस मेसेज करून डेअरीच्या ग्रुपवर टाकत बसलो, कुत्र्यांच्या भुंकण्यासकट, आणि ते फिरले. माझ्याच मेहुण्याने मला माझाच मेसेज फॉरवर्ड केला, "हे ऐक, कोणी डॉक्टर चांगलं सांगतायत." त्या मित्राला असला अनुभव आला असेल का विचारायला हवं.

असो, माझं पुराण झालं. तुला राग आला असेल तर येऊ दे.

एक व्यवहाराचं सांगतो. कोणी बोलावलं तर आधी विचारायचं, एडिट झाल्यावर वैद्यकीय चुका तपासायला मला एकदा दाखवाल का? सगळेच दाखवणार नाहीत, पण विचारल्याने समोरचा सावध होतो. औषधाचं कंपनीचं नाव घ्यायचं नाही, डोस सांगायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी लोक मेडिकलमध्ये जाऊन तेच मागतात. ऑनलाइन असेल तर वायरचा इयरफोन, आणि पंखा बंद. बोलून झालं की होस्टला विचार, या विषयावर अजून कोण कोण शो करतं. पुढचं दार असंच उघडतं, आणि त्याचंही भाडं नसतं.

त्या पीडीएफवाल्याला "बघते, कळवते" म्हणू नकोस. तो दर सोमवारी मेसेज करेल आणि चौथ्या सोमवारी डिस्काउंट देईल आणि तू विरघळशील, मी ओळखतो तुला. सरळ नाही म्हण, आजच. आणि मेलचा नवीन मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, त्यात "प्रवास" हा शब्द दिसला तर मी वाचणार नाही.

तुझा,
सर